‘येतो’ म्हणायची जबाबदारी

गेले सात महिने मी माझ्या कुत्र्याला एकच गोष्ट शिकवतोय: माझ्याशिवाय घरात राहायला. ऐकायला हे काम किरकोळ वाटतं. पण रोज ते करताना एक प्रश्न डोक्यात असतो, आणि कुत्र्यांच्या ट्रेनिंगच्या व्हिडिओंमध्ये तो कुणी विचारताना मला दिसला नाही. ज्याला आपण स्वतःहून घरी आणलं, ज्याला आपली सवय लावली, त्यालाच पुढे ‘आता माझ्याविना राहायला शीक’ म्हणायचं, हे प्रेम की सोय? मी त्याची भीती घालवतोय, की माझं कॅलेंडर मोकळं करून घेतोय?

खंड्या

खंड्या गावठी आहे. तांबूस रंग, एक कान उभा, दुसरा अर्धा दुमडलेला. नळदुर्गच्या अलीकडे हायवेवरच्या एका धाब्यामागे तो सापडला, तेव्हा साधारण वर्षाचा असावा. मानेवर दोरीचा जुना वळ होता. म्हणजे कधीतरी तो कुणाचा तरी होता. जखमी जनावरांसाठी धावपळ करणाऱ्या दोन पोरांनी त्याला उचललं, उपचार केले, नसबंदी झाली, रेबीजची लस झाली आणि तो धाराशिवला माझ्याकडे आला. नाव आजीने ठेवलं. नळदुर्ग हे खंडोबाचं ठिकाण, आणि खंडोबासोबत कुत्रं असतंच. म्हणून खंड्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कंपनी पुण्यातली, काम मात्र धाराशिवमधल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातून. पहिले तीन आठवडे मी जवळजवळ पूर्ण वेळ घरीच होतो आणि सगळं छान चाललं होतं. मग एका दुपारी बाजारात गेलो असताना घरमालक काकांचा फोन आला. “आरं, तू गेल्यापासनं तुझं कुत्रं असं रडायलंय, जसं घरातलं कोण गेलंय.”

दुसऱ्या दिवशी जुना मोबाईल टीव्हीशेजारी ठेवून रेकॉर्डिंग लावलं आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. पहिलं मिनिट खंड्या दाराकडे बघत बसलाय. मग उठतो, दार हुंगतो, परत बसतो. तिसऱ्या मिनिटाला दोन्ही पंजांनी दार खरवडायला लागतो. तोंडातून लाळ गळून फरशीवर डबकं झालंय. मध्येच मान वर करून लांब सूर काढतो. प्लास्टिकची पिशवी वाजली तरी धावत येणारा हा प्राणी, आणि बिस्किटं तिथेच पडलेली. त्याने एकदाही तोंड लावलं नाही.

व्हेटने तपासून सांगितलं, सेपरेशन अँक्झायटी. हा खोडकरपणा नाही आणि सूडही नाही. माणूस लिफ्टमध्ये अडकल्यावर जसा घाबरतो, तशी ही शरीराने घेतलेली धास्ती आहे. अशी कुत्री घरी परतलेल्या माणसासमोर मान खाली घालतात, तेव्हा आपल्याला वाटतं, त्याला चूक कळली. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हा ‘अपराधी चेहरा’ तपासला. कुत्र्याने खरंच काही केलं होतं की नव्हतं, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध दिसला नाही. माणूस रागावला की चेहरा पडत होता. म्हणजे दार खरवडल्याबद्दल ओरडलं तर कुत्रं एवढंच शिकतं की एकटं राहणं भयंकर असतं, आणि माणसाचं परत येणंही भयंकर असू शकतं.

‘रडू दे, गप्प बसंल’

सल्ला द्यायला कुणी कमी नव्हतं. सगळ्यांत जास्त वेळा मिळालेला सल्ला होता, “रडू दे दोन-चार दिवस, आपोआप गप्प बसंल.” हे लोक वाईट नाहीत. त्यांच्याच घरी लहान पोरांना असंच वाढवलेलं आहे. आणि खरं सांगायचं तर सल्ला कधी कधी ‘चालतो’. काही कुत्री गप्प बसतात.

पण गप्प बसण्याचा अर्थ काय? आमच्या कामात एखादा सर्व्हर वारंवार अलर्ट पाठवत असेल, तर ते थांबवायचे दोन मार्ग असतात. बिघाड दुरुस्त करायचा, किंवा अलर्ट म्यूट करायचा. दोन्हीनंतर स्क्रीन हिरवी दिसते. रात्री झोपणाऱ्या इंजिनियरला फरक जाणवत नाही. सर्व्हरला जाणवतो.

याचा सगळ्यांत कडू पुरावा कुत्र्यांनीच दिलाय. १९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा जागी ठेवलं, जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. त्यातली बरीच कुत्री उठलीच नाहीत. झटके सोसत पडून राहिली. मानसशास्त्रात त्याला शिकलेली असहायता म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला तीही ‘शांत’च दिसली असती.

म्हणून शांतता दोन प्रकारची असते. एक भरवशाची, दुसरी हार मानल्याची. घरमालकाला दोन्ही चालतील, शेजाऱ्यांनाही चालतील. मला यातली कुठली हवी, हा या गोष्टीतला पहिला नैतिक प्रश्न, आणि त्याचं उत्तर कॅमेऱ्यात शोधावं लागतं. तो खातोय का? कुशीवर पडून झोपतोय का, की डोळे उघडे ठेवून दाराशी ताठ बसलाय? जिन्यात आवाज झाल्यावर कान टवकारून परत डोकं टेकवतोय का? नुसता आवाज बंद होणं मी मोजमापात धरत नाही.

‘शेतावर सोड त्याला’

दुसरा सल्ला जास्त अवघड होता, कारण त्यात तथ्य होतं. आजी म्हणाली, “लेकरा, कुत्रं काय खोलीत कोंडायचं जित्राब हाय का? शेतावर सोड. माणसं हायती, शेरडं हायती, मोकळं ऱ्हाईल.”

आमच्याकडच्या गावात कुत्रं एका माणसाचं नसतं. ते गल्लीचं असतं. एका घरी भाकरी, दुसऱ्या ओसरीवर दुपार, रात्री भलत्याच्याच दारात. दार बंद करून आठ तास आत एकटं राहणं ही त्याच्या आयुष्यातली घटनाच नाही. ती आपली निर्मिती आहे: फ्लॅट, लॅच, ऑफिस आणि एकट्याने राहणारा माणूस. आपला एकटेपणा घालवायला आपण कुत्रं आणतो आणि मग तोच त्याच्या वाट्याला देतो. मग हा आजार कुत्र्याचा म्हणायचा, की आपल्या दारांचा?

हा मुद्दा इतका रास्त होता की मी तो तपासून बघितला. सुट्टी टाकून खंड्याला घेऊन आठवडाभर कळंब तालुक्यातल्या आजोळी राहिलो. मी समोर असेपर्यंत तो राजा होता. शेळ्यांच्या मागे हिंडला, चिखलात लोळला, गोठ्यात झोपला. तिसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवर गावात जाऊन आलो, चाळीस मिनिटं. दार नव्हतं, साखळी नव्हती, आसपास पाच-सहा माणसं होती. मामा म्हणाला, तू गेल्यापासून तो बांधावरच उभा आहे, भाकरीला शिवला नाही.

व्हेटने हा फरक नंतर समजावला. काही कुत्र्यांना एकटेपणाची भीती असते. कुणीही माणूस जवळ असला की पुरतं. काहींची भीती एका विशिष्ट माणसाशी बांधलेली असते. तो नसला की दहा माणसंही पुरत नाहीत. खंड्या दुसऱ्या प्रकारचा निघाला. दुसरं कुत्रं आणायचा सल्लाही इथेच बाद झाला. त्याला कुत्रं नको होतं, मी हवा होतो.

याचा अर्थ शेताचा सल्ला चुकीचाच, असं नाही. उद्या तो तिथे खरंच सुखात राहणार असेल, तर त्याला इथे अडकवून ठेवायचा हक्क मला नाही. पण आज त्याला तिथे सोडणं म्हणजे मानेवर दोरीचा वळ ठेवून गेलेल्या माणसाने जे केलं, तेच जास्त चांगल्या जागी करणं.

रिकामी बाकं

मी चौथीपर्यंत त्याच आजोळच्या शाळेत शिकलो. दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्गातली काही बाकं रिकामी व्हायची. मुकादमाकडून उचल घेतलेली घरं ऊसतोडीला निघायची, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती माणसं परत येत नाहीत. काही पोरं सोबत जायची, काही आजी-आजोबांकडे मागे राहायची. मागे राहणाऱ्या पोरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. ती असावी लागते, यातच जिल्ह्याचं बरंचसं दुःख आलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आई-वडील पहाटे तो झोपेत असताना निघून गेले. रडेल, पाय ओढेल, ट्रॅक्टरला उशीर होईल म्हणून. पुढचे कित्येक दिवस तो वर्गात झोपायचा. गुरुजी रागवायचे. रात्री तो झोपतच नव्हता, हे त्याच्या आजीने सांगितलं तेव्हा कळलं. डोळे मिटले की माणसं जातात, हे त्याला एकदाच शिकवलं गेलं होतं आणि एकदा पुरेसं होतं.

कुत्र्याच्या गोष्टीत हे आणणं कुणाला खटकेल. ते खटकायलाच हवं, आणि मी दोन दुःखं एका तराजूत घालत नाहीये. त्या आई-वडिलांकडे पर्याय नव्हता. उचल घेतलेली होती, घर चालायचं होतं. माझ्याकडे पगार आहे, लॅपटॉप आहे, ‘आज घरून काम करतो’ असा मेसेज टाकायची सोय आहे. ज्याच्याकडे पर्याय आहे, त्याच्या जाण्याचा हिशोब जास्त कडक असायला हवा. त्या मुलाकडून मी एवढंच घेतो की चोरून जाण्याने जाणारा सुटतो, आणि मागे राहणाऱ्याचा प्रत्येक क्षण संशयाचा होतो.

करार

मराठीत घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. चुकून ‘जातो’ म्हटलं तर आजी अजूनही परत उंबऱ्याच्या आत बोलावते. मी याकडे लहानपणी अपशकुनाची भीती म्हणून बघायचो. खंड्यासोबत सात महिने काढल्यावर त्या शब्दातली दुसरी बाजू दिसते. निघायच्या क्षणी आपण मागे राहणाऱ्याला परतीची हमी देतो. ‘येतो’ हे उसनं घेतलेलं असतं, आणि ते फेडावं लागतं.

आमच्या जिल्ह्यात तर देवसुद्धा असा जातो-येतो. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मिळून खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातले दहाएक महिने देव अणदूरला असतो आणि उरलेले दोनेक महिने नळदुर्गला. देव हलवताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा, सगळं ठरलेलं. ज्या गावातून देव जातो, त्या गावाचं मंदिर रिकामं होतं, पण गाव पोरकं होत नाही. जाणं सगळ्यांसमोर होतं आणि येण्याची तिथी माहीत असते.

कुत्र्याला करार वाचता येत नाही. तिथी कळत नाही. ‘संध्याकाळी सातला येतो’ हे वाक्य त्याच्यासाठी नुसता आवाज आहे. त्याच्याशी करार करायचा असेल तर तो पुनरावृत्तीनेच करावा लागतो, आणि तेही त्याला पेलतील एवढ्या छोट्या रकमांनी.

म्हणून आमचं काम सेकंदांपासून सुरू झालं. आधी चावी. चावी उचलायची आणि कुठेही न जाता खुर्चीत बसायचं. मग चप्पल. मग लॅपटॉपची बॅग. या वस्तूंचा अर्थ ‘हा चालला’ असा त्याच्या डोक्यात पक्का होता. तो सैल व्हायला पंधरा दिवस गेले. मग दार: उघडायचं, बंद करायचं. मग बाहेर एक सेकंद. तीन सेकंद. परत एक. पहिल्या आठवड्याचा आमचा विक्रम १२ सेकंद होता. नियम एकच, तो घाबरायच्या आत परत यायचं. घाबरल्यावर परत आलो तर तो दिवस वाया.

याला कुठलाही सरळ आलेख नाही. चाळीस मिनिटांवर पोचलो आणि गल्लीत लग्नाचे फटाके वाजले, परत सहा मिनिटांवर आलो. मध्ये व्हेटने औषध सुरू केलं. कुत्र्यांच्या या त्रासासाठी क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधं वापरतात. ती व्हेटनेच द्यायची असतात, माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊन चालत नाही. औषधाने त्याला गुंगी आली नाही. भीतीचा आवाज थोडा कमी झाला आणि शिकायला जागा झाली.

सगळ्यांत महाग भाग वेगळाच होता. हे शिकणं चालू असताना त्याला पेलणार नाही इतका वेळ एकदाही एकटं ठेवायचं नसतं. एकदाही. शेतावर त्याला फक्त मीच हवा होतो, त्यामुळे आधी त्याचं जग एका माणसाहून मोठं करावं लागलं. खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा पोरगा महिनाभर माझ्यासमोरच त्याला खाऊ घालत होता, फिरवत होता. आजीही गावाहून येऊन राहायची. हळूहळू मी नसताना त्या दोघांपैकी एक पुरायला लागला. गावात जे काम गल्ली फुकटात करते, ते शहरात माणसं गोळा करून उभारावं लागलं.

कुणाचा वेग

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. प्रेम की सोय?

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी लहान मुलांच्या ओढीबद्दल एक गोष्ट मांडली, जी आपल्या समजुतीच्या उलट जाते. ज्या मुलाला आईच्या असण्याची खात्री असते, ते आईला चिकटून बसत नाही. ते लांब खेळायला जातं, कारण परतायची जागा पक्की आहे. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी हे बघण्यासाठी एक चाचणी तयार केली. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते, आणि मूल त्या परत येण्याला कसं सामोरं जातं ते बघायचं. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी तीच चाचणी ५१ कुत्रे आणि त्यांच्या मालकांवर केली. कुत्र्यांची मालकाशी असलेली ओढ मुलांच्या ओढीसारखीच दिसली.

म्हणजे ‘माझ्याशिवाय राहा’ आणि ‘माझ्यावर भरवसा ठेव’ या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. पहिली दुसरीतूनच येते. खंड्या एकटा झोपायला शिकला, तेव्हा त्याचं माझ्यावरचं प्रेम कमी झालं नाही. त्यातली धास्ती कमी झाली.

पण एवढ्याने सोयीचा मुद्दा सुटत नाही. हे सगळं मला सोयीचं आहेच. ते नाकारणं खोटेपणा होईल. मला बाजारात जायचंय, मित्राच्या लग्नाला जायचंय, नोकरी टिकवायचीय. सोय असणं हे पाप नाही. आई पोराला शाळेत घालते, त्यातही तिची थोडी सोय असते. मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे: वेग कोण ठरवतंय? माझं कॅलेंडर ठरवत असेल, तर शिकवण्याच्या नावाखाली मी सोय करून घेतोय. त्याचं शरीर ठरवत असेल, तर माझी सोय होत असली तरी ती काळजीच आहे.

ही कसोटी फुकट नाही. मार्चमध्ये कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायला सांगितलं. तेव्हा खंड्याची मर्यादा ५० मिनिटं होती. कॅलेंडरच्या हिशोबाने त्याला दोन आठवड्यांत आठ तासांवर न्यायला हवं होतं. दार लावून निघून गेलो असतो तर तो कदाचित गप्पही बसला असता, कुठल्या अर्थाने ते वर लिहिलंय. मी मॅनेजरशी बोललो. महिन्यातून दोन दिवस ऑफिस यावर तडजोड झाली, पण ज्या टीम लीडच्या जागेसाठी माझं नाव होतं ती पुण्यात बसणाऱ्याकडे गेली. त्या दोन दिवसांसाठी मी रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसने निघतो, आणि आजी एक दिवस आधी गावाहून येते. एका कुत्र्यासाठी प्रमोशन सोडलं म्हणून मित्र हसतात. त्यांना मी सांगतो, दोरीचा वळ असलेल्या जिवाला घरी आणायचा निर्णय त्याने घेतला नव्हता, मी घेतला होता. त्याची किंमत त्याने का द्यायची?

युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार झाला नाही, ही गोष्ट आपल्याला सगळ्यांना आवडते. त्यात निवड एकदाच करायची आहे, आणि समोर स्वर्गाचं दार आहे. आपल्या निवडी छोट्या असतात आणि रोज असतात: आज १० मिनिटं की १५, आज पार्टी की घर. त्या बघायला कुणी इंद्र येत नाही.

सध्या खंड्या २ तास १० मिनिटं एकटा राहतो. बिस्किटं खातो, खिडकीखाली कुशीवर झोपतो. तो आठ तासांपर्यंत पोचेल का, ते मला माहीत नाही. व्हेट म्हणतात, काही पोचतात, काही तीन-चार तासांवर थांबतात. तो तिथेच थांबला, तर बदलायची पाळी त्याची नसेल. नोकरी, घर, शहर, यातलं काय बदलायचं ते मला बघावं लागेल. ते कठीण जाईल. पण ‘येतो’ हा शब्द पहिल्या दिवसापासून मीच बोलत आलोय.